बेगडेवाडीपर्यंतचं कॉलेज

लातूर,
६ जुलै, रविवार

प्रिय शहिस्ता,

पत्र बघून हसू नकोस. मी शेवटचं पत्र पाचवीत लिहिलं होतं, तेही मराठीच्या पेपरात, सहलीची परवानगी मागणारं, आणि त्याला पाचपैकी तीन मिळाले होते. आल्या दिवशीच रेक्टर मॅडमनी सगळ्यांचे फोन पाकिटात घालून, वर नाव लिहून लोखंडी कपाटात कोंबले. प्रवेश घेताना दर रविवारी देतो म्हणाले होते, आता दिवाळीला देणार म्हणतात. घरी बोलायचं तर आठवड्यातून पाच मिनिटं, मॅडमच्या फोनवरून, फक्त आईवडिलांशी. मैत्रिणींनी अभ्यास बिघडतो म्हणे. पत्रांना मात्र बंदी नाही. हल्ली कुणी लिहीतच नाही, म्हणून तो नियम करायचा राहून गेला असणार.

इथे आम्ही सगळ्या रिपीटर. गेल्या वर्षी नीटमध्ये कुणाची जागा दहा मार्कांनी गेली, कुणाची माझ्यासारखी चौदा मार्कांनी. पहाटे पाचला घंटा होते. दर रविवारी दोन ते पाच वीस सराव परीक्षा, अगदी खरीसारखी. आबांनी मला सोडलं तेव्हा ते नुसते खोलीच्या भिंतींकडे बघत होते. मळवलीच्या माणसाला एवढ्या कोरड्या भिंती बघायची सवय नाही.

आता कामाचं. तुझ्या सीईटीच्या फॉर्मवर माझा नंबर आहे आणि माझा फोन आहे कपाटात. तेवढा नंबर बदलून घे, आळस करू नकोस. आणि इंजिनीअरबाई, यादी लागली की मला पहिलं कळव.

तुझी,
राजी

•

मळवली,
१६ जुलै

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र अब्बांनी पोस्टमनकडून घेतलं आणि आधी घाबरले. आमच्याकडे टपाल येतं ते शेठच्या बंगल्याच्या करपट्टीचं. तुझं आहे कळल्यावर अम्मीने चहा ठेवला आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. भिंतींचं ऐकून अब्बा खूप हसले.

नंबरचं ऐक. तेव्हा आपण तुझा का टाकला ते आठवतंय ना? आमच्या घरात एकच फोन, आणि तो शेठने बंगल्यासाठी दिलेला. अब्बा बंगला सांभाळतात तोवर तो आमचा. "त्यो नंबर आपला न्हाई बाय, कवा काढून घेतील सांगता येत न्हाई. कागदावर घालू नगं," असं ते म्हणाले होते, आणि तू लगेच म्हणालीस, माझा टाक. परवा लोणावळ्याला जाऊन कॉलेजांचा पसंतीक्रम भरून आले. कॉम्प्युटरवाल्याला नंबर बदलायचं विचारलं, तर म्हणाला त्याला अर्ज घेऊन पुण्याच्या बाजूला केंद्रावर जावं लागतं. जाईन. पण सध्या बंगला एक दिवस रिकामा नाही आणि अम्मी रोज भाताच्या आवणीला, त्यामुळे पाहुण्यांचं सगळं माझ्यावर. यादी काय, लागली की कळेलच की.

पहिली पसंती पुण्याचं सरकारी कॉलेज, सिव्हिल. कॉम्प्युटरवाला म्हणाला, मुली सिव्हिल घेत नाहीत. मी त्याला आमच्या गच्चीचं सांगितलं नाही. मुंबईच्या इंजिनीअरने उतार डोंगराकडे दिला, अब्बा सांगत होते पाणी तुंबेल, त्यांना कोण विचारतो? आता दर पावसाळ्यात शेठच्या पलंगावर छत गळतं आणि अब्बा खाली बादल्या लावतात. मला एकदा तरी गच्चीवर कागद घेऊन उभं राहायचंय आणि सांगायचंय, उतार या बाजूला.

तुझी,
शहिस्ता

•

लातूर,
४ ऑगस्ट, सोमवार

प्रिय शहिस्ता,

काल आबा अचानक आले. मी टेस्टमधून पाच वीसला बाहेर पडले तर समोर ऑफिसच्या बाकावर आबा, मांडीवर टोपी, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. ऐन आवणीत. मला वाटलं घरी कुणाचं काही झालं. म्हणाले, कुणाला काय झालं नाही, लय दिवस बघितलं नव्हतं म्हणून आलो. डोळे लाल होते. पहाटेपासून एसटीत होते म्हणे.

माझा फोनही त्यांनी बाहेर काढायला लावला होता. सिमचं काहीतरी काम होतं म्हणाले. मी आल्यावर विचारलं, लॉक उघडून देऊ का? तर म्हणाले, आता नको, झालं. मॅडमनी परत पाकिटात घातला. मला हातही लावता आला नाही. दहा मिनिटं बसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, असं ते कधी करत नाहीत, आणि गेले. मी डबा मैत्रिणींत वाटला. सगळ्या म्हणतात, असे वडील पाहिजेत.

टेस्टमध्ये पाचशे ऐंशी आले. आतापर्यंतचे सर्वांत जास्त. तुझी यादी लागली असणार. लवकर लिही, मला धीर नाही.

राजी

•

मळवली,
५ ऑगस्ट

राजी,

हे पत्र मी टाकणार नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जमणार नाही, आणि सांगायचं तर तुलाच.

यादी गुरुवारी लागली. आपल्याकडे बुधवारपासून वीज नव्हती आणि बंगल्यावर बारा पाहुणे. शनिवारी दुपारी अम्मीचा डबा घेऊन खाचरावर गेले तेव्हा आपल्या वर्गातल्या प्रदीपने बांधावरून विचारलं, तुझं काय झालं. तशीच लोणावळ्याला गेले. कॉम्प्युटरवाल्याने पडदा माझ्याकडे फिरवला. पहिली पसंती. सिव्हिल. मी तीनदा वाचलं, राजी. तो म्हणाला, आता जागा स्वीकारा, नंबरवर आकडे येतील ते सांगा. नंबर तुझा. त्याने चारदा आकडे मागवले. चारही वेळा ते तुझ्या कपाटात गेले.

रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. नंबर बदलायचं केंद्र सोमवारी उघडणार. आणि पहिलीच पसंती लागली आणि घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. दुसरी-तिसरी लागली असती तर पुन्हा उभी तरी राहिले असते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते मला आता कळलं.

मी तुमच्या घरी गेले. आबांनी लगेच हॉस्टेलला फोन लावला. तिकडून सांगितलं, निरोप देता येणार नाही, भेटायचा वार रविवार, या. रविवारी तुमच्याच खाचरात सावड होती. पंधरा दिवस तुमचं घर दुसऱ्यांच्या शेतात राबलं, त्या दिवशी सगळी माणसं तुमच्याकडे यायची होती. सावडीला मालकच बांधावर नाही असं आपल्याकडे कधी झालंय का? पण आबा म्हणाले, "मालक असला काय न् नसला काय, रोप वाकूनच लावावं लागतंय. म्या जातो." पहाटे चारला सोमाटणे फाट्यावरून एसटी धरली. इकडे अब्बा बंगल्याचे पाहुणे माझ्या हवाली करून दिवसभर आबांच्या जागी बांधावर उभे राहिले. अम्मी चिखलात.

एसटी पोचायला पावणेतीन झाले. तू दोन वाजता टेस्टला बसली होतीस. फोन काढला तर बॅटरी मेलेली. चार्जर शोधला. चारला फोन उठला आणि त्याने तुझ्या लॉकची नक्षी मागितली. सिम काढून आपल्या फोनात घालू का विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, ते मुलीसमोरच. आबांनी मॅडमना हात जोडले, एक मिनिट पोरीला बोलवा. त्या म्हणाल्या, परीक्षेचा नियम सगळ्यांना सारखा, पाच वीसला सुटेल.

पाहुणे दुपारी गेले आणि मी लोणावळ्याच्या दुकानात येऊन बसले. पाच वाजले आणि पडद्यावरचं जागा स्वीकारायचं ते हिरवं बटण गेलं. वीस मिनिटं, राजी.

आबा काल परत आले ते थेट बंगल्याच्या फाटकावर. आत बसले नाहीत. म्हणाले, "राजीला म्या काय बोललो न्हाई. तिला कळलं तर ती पुस्तक मिटंल. परीक्षा झाल्यावर मी सोता सांगंन, तवर तू बी सांगू नगंस. येवढं माझ्यासाटी कर, बाय." ज्या माणसाने माझ्यासाठी सावड सोडली, त्याला मी नाही कसं म्हणू?

•

मळवली,
१४ ऑगस्ट

प्रिय राजी,

पाचशे ऐंशी. आता मला औषधं फुकट देणार ना?

माझं ऐक. पहिली पसंती लागली. सिव्हिल, पुणे. मी तीनदा वाचलं तेव्हा खरं वाटलं. अब्बांना सांगितलं तर ते गच्चीवर जाऊन आले. अम्मीने शिरा केला होता, पण त्या गडबडीत करपला.

पुढच्या महिन्यात सुरू होईल. तू माझी काळजी करू नकोस आणि फोनबिन मागत बसू नकोस. आबांना सांग, त्यांच्या खाचरात रोपं छान धरली आहेत. मी रोज बघते.

शहिस्ता

•

लातूर,
३१ ऑगस्ट

प्रिय इंजिनीअरबाई,

तुझं पत्र मी मेसमध्ये उभी राहून मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी ताटं वाजवली आणि मॅडम सगळ्यांवर ओरडल्या. नंबर बदलून घेतलास म्हणजे. मला वाटलं होतं तू आळशीपणा करशील, माफ कर.

मला सगळं सांग. वर्ग केवढा आहे, मुली किती, सर कसे, क्रेडिट का काय असतात ती किती मिळतात. इथे दिवसभर बेडकाचं हृदय आणि वनस्पतींची मुळं. तुझं पत्र आलं की मला वाटतं आपल्यातली एक तरी सुटली.

राजी

•

मळवली,
२८ सप्टेंबर

प्रिय राजी,

सकाळी सात पाचची लोकल धरते. कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. डब्यात पुण्याच्या कॉलेजांची पुष्कळ मुलं असतात, मांडीवर जर्नल ठेवून एकमेकांचं उतरवतात. मला खिडकी मिळते.

आमचे निलेश सर फार कमी बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला काँक्रीटचे साचे पुसायला दिले. लोखंडी चौकोनी साचे, वीत-वीतभर. आतून तेल लावायचं, मग काँक्रीट तीन थरांत भरायचं आणि प्रत्येक थर सळईने ठोकायचा. दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून वर तारीख लिहायची आणि पाण्याच्या टाकीत ठेवायचा. काही सात दिवसांनी फोडतात, काही अठ्ठावीस. मशीनमध्ये घालून दाब वाढवत नेतात आणि तो फुटला की आकडा लिहून घेतात. मी विचारलं, चांगला ठोकळा फोडायचा कशाला? सर म्हणाले, त्याच्यासोबतचं काँक्रीट कुणाच्या तरी घरात गेलंय, ते फुटू नये म्हणून. मला ते खूप आवडलं.

हेल्मेट घालावं लागतं. स्कार्फवरून ते घसरतं, म्हणून अम्मीने आतून कापडाची चुंबळ शिवून दिली. क्रेडिटचं अजून नीट कळलं नाही. हात मात्र सिमेंटने फुटलेत. पहिल्या वर्षाला असंच असतं.

शहिस्ता

•

लातूर,
२६ ऑक्टोबर

प्रिय शहिस्ता,

दिवाळीला घरी सोडलं नाही. म्हणतात, लय बाळसं धरून परत येता. लक्ष्मीपूजनाला फोन मात्र अर्धा तास दिला. मी घरी बोलले. आबांशी बोलले.

तू मला लिहीत राहा. तू लिहितेस ते मी नीट वाचते, दोनदा वाचते. पुढच्या वेळी मला तुळईचं सांग. तिच्यावर घर उभं राहतं तरी ती मोडत कशी नाही? सरांना विचार, पुस्तकात बघ, पण मला समजेल असं लिही. घाई करू नकोस. माझे मार्क थोडे उतरलेत, चढतील परत.

राजी

•

मळवली,
३० नोव्हेंबर

प्रिय राजी,

तुळईचं विचारून तू मला कामाला लावलंस. निलेश सरांना विचारलं, तर ते आधी माझ्याकडे बघत राहिले. हे विचारणारं पहिलंच कुणी असावं. मग त्यांनी त्यांच्या डिप्लोमाचं जुनं पुस्तक आणून दिलं. रोज गाडीत वाचते.

तुळई वाकतेच. न वाकणारी तुळई नसते. वाकली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून खालच्या अंगाला लोखंडी सळया घालतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आपल्या अम्मीसारखं. अम्मी म्हणाली, गप बसा.

तुझे मार्क उतरले म्हणतेस, ते का? मी इथे सगळं ठीक आहे असं लिहिते, मग तुला कसली काळजी? नीट अभ्यास कर. तुझ्यावर पुष्कळांचा जीव आहे.

शहिस्ता

•

लातूर,
३० जानेवारी

प्रिय शहिस्ता,

तुळई मला समजली. इथल्या फिजिक्सच्या सरांना तसंच सांगितलं तर म्हणाले, कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझी मैत्रीण सिव्हिलला आहे.

आता एक चित्र काढून पाठव. बंगल्याच्या गच्चीचं, उतार कुठे पाहिजे ते दाखवून, मापांसकट. कॉलेजात काढता तसं. मी ते माझ्या पलंगाच्या वर लावणार आहे. वेळ लागला तरी चालेल.

राजी

•

मळवली,
१२ फेब्रुवारी

प्रिय राजी,

सोबत चित्र. तीन दिवस लागले. अब्बांनी फीत धरली आणि मी मापं घेतली. नाल्याकडच्या कोपऱ्यात उतार दिला की पाणी डोंगराच्या बाजूला थांबणारच नाही. अब्बा म्हणाले, हेच म्या धा वर्सं सांगतोय, पर कागदावर आलं की खरं वाटतंय. घडी घालताना जपून घातली आहे, तरी एक रेघ पुसली गेली.

आता परीक्षेपर्यंत मी लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस. परीक्षेला पाणी पिऊन जा, शेवटचे प्रश्न आधी बघ. दुवा करते.

शहिस्ता

•

लातूर,
५ मे

प्रिय शहिस्ता,

परवा परीक्षा झाली. कशी गेली ते निकाल सांगेल, मला सांगता येत नाही. उद्या आबा न्यायला येणार आहेत. तरी हे पत्र आज टाकते, कारण हे तुझ्या तोंडावर बोलायची माझी छाती नाही.

मला दिवाळीपासून माहीत आहे.

लक्ष्मीपूजनाला फोन सुरू केला तेव्हा सगळे मेसेज एकदम दिसले. पहिल्या पसंतीची जागा मिळाल्याचा. मग शनिवारचे चार, नुसते आकडे, दर पाच-सात मिनिटांनी एक. रविवारी पाचनंतरचा एक, जागा रद्द झाल्याचा. मला आधी वाटलं, काहीतरी गोंधळ असेल, तू तर कॉलेजात आहेस. मग आबांचा तो रविवार आठवला. घरी फोन लावून विचारलं, आबा, तुम्ही त्या दिवशी कशाला आला होतात? आबा म्हणाले, "व्हय. तसंच झालं." आणि म्हणाले, "ती तुझ्यासाटी गप ऱ्हायलीया, आता तू काय ते ठरव." मी पाच वीसला पेपर दिला, शहिस्ता. पाचशे ऐंशी मार्कांचा पेपर. मला ते मार्क अजून नकोसे वाटतात.

त्याच दिवशी तुला लिहिणार होते. पण तुझं साच्यांचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात तू एवढी खूश होतीस. मला वाटलं, ही निदान पत्रात तरी कॉलेजला जाते. मी खरं लिहिलं तर तेही बंद होईल. म्हणून मी तुळई विचारली. म्हणून गच्ची मागितली. मी प्रश्न विचारत राहिले की तू वर्गात बसलेली राहतेस, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. तू खोटं लिहून मला सांभाळत होतीस आणि मी ते खरं मानून तुला. आपण दोघी किती शहाण्या, बघ.

आणि मग परवा परीक्षेच्या केंद्राबाहेर एक मुलगी सीईटीबद्दल बोलत होती. यंदाचे फॉर्म फेब्रुवारीतच बंद झाले म्हणाली. मी धरून चालले होते की तू यंदा पुन्हा भरलाच असशील. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला माहीत आहे हे तुला कळलं असतं. जानेवारीत एक ओळ लिहायची होती मला, शहे, फॉर्म भर. त्याऐवजी मी चित्र मागितलं.

तू भरलास का? भरला असशील तर मला शिव्या दे, चालेल.

तुझी,
राजी

•

मळवली,
९ मे

प्रिय राजी,

तू घरी आली आहेस आणि आपल्यात फक्त दोन खाचरं आहेत, तरी हे पत्र प्रदीपच्या हाती पाठवते. माझीही छाती नाही.

नाही भरला.

सगळं सांगते, आता लपवायला काही उरलं नाही. सात पाचच्या लोकलचं खरं होतं. खिडकीचंही. पुण्याची मुलं जर्नल उतरवतात तेही. फक्त मी पुण्याच्या कितीतरी आधी, बेगडेवाडीला उतरते. तिथून चालत दहा मिनिटांवर काँक्रीटचा प्लांट आहे, तिथल्या लॅबमध्ये मी हेल्पर आहे. निलेश सर तिथलेच. साचे पुसणं, ठोकळे भरणं, पाण्यात ठेवणं हे माझं काम. एक अक्षर मी खोटं लिहिलं नाही, फक्त जागा बदलली. गाडी पुढे निघते तेव्हा ती मुलं तशीच बसलेली असतात आणि मी फलाटावर. पहिले काही दिवस मी पाठमोरी उभी राहायचे.

पाच फेब्रुवारीला मी सुट्टी टाकून लोणावळ्याला गेले होते, फॉर्म भरायलाच. त्याआधी स्वतःच्या नावावर सिमही घेतलं होतं. तोच कॉम्प्युटरवाला. त्याने विचारलं, नंबर कुणाचा टाकायचा? एवढंच विचारलं. मला ते हिरवं बटण दिसायला लागलं. नंतर येते म्हणून बाहेर पडले. मुदत संपायला पाच दिवस होते. सात तारखेला तुझं पत्र आलं, गच्चीचं चित्र मागणारं. मी फीत काढली. तीन दिवस मी गच्चीवर होते, राजी, आणि इतकी सुखात होते की फॉर्मची आठवण आली तरी वाटायचं, घाई काय, मी शिकतेच आहे की. दहा तारखेला चित्र पुरं झालं. त्याच दिवशी मुदत संपली.

हा तुझा दोष नाही. आबांचाही नाही, ते परवा येऊन माझ्यासमोर रडले, त्यांना तू समजव. तुला वाईट वाटू नये म्हणून मी गप राहिले, मला वाईट वाटू नये म्हणून तू, आणि दोघींच्या या मायेत माझी दोन वर्षं गेली. अब्बा म्हणाले, "येवढं जपलं, पर पोर कुटं पोचली?"

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा जाणार आहे. तू जिथे असशील तिथून ये आणि माझ्या शेजारी बस. नंबर मी सांगेन, तू नुसती बस. माझा नंबर पत्राच्या मागे लिहिलाय. मला फोन कर, भांड, वाटेल ते विचार. पण जागा मिळेपर्यंत मला तुळईचं विचारू नकोस. मला पुन्हा पत्रातून कॉलेजात पाठवू नकोस.

उद्या सात पाचची गाडी आहे. अठ्ठावीस दिवसांचे चार ठोकळे फोडायचे आहेत. मी बेगडेवाडीला उतरेन.

तुझी,
शहिस्ता